दस्तुरखुद्दांचे तोतये

१/
नाचणगावात माझ्या भाच्याच्या घरी, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, एक सीडी ठेवलेली आहे. ती वाजवण्याचे यंत्र त्या घरात नाही. शेजारच्या दहा घरांतही नाही. गाणी तो मोबाइलवर ऐकतो. तरीही ही सीडी त्याने साडेचार हजार रुपयांना मागवली. पुलगावच्या एका दुकानात त्याला नुकतीच नोकरी लागली होती आणि पहिल्या दोन पगारांतून वाचवलेले ते पैसे होते. सीडीसोबत जाड कागदाचे एक कार्ड होते, त्यावर त्याच्या आवडत्या परदेशी गायकाची स्वाक्षरी होती. ‘स्वहस्ते स्वाक्षरी केलेली मर्यादित आवृत्ती’, असे जाहिरातीत म्हटले होते. पैसे गाण्यांचे नव्हते. स्वाक्षरीचे होते.

२/
त्याच्या मित्रानेही तेच कार्ड मागवले होते. दिवाळीत मी गावी गेलो असता दोघांनी ती दोन कार्डे एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. “मामा, पाहा बरं,” भाचा म्हणाला. मी पाहिले. पहिल्या अक्षराचा फाटा, मधली गाठ, शेवटचा झोका, त्याखालची रेघ, सारे तंतोतंत एकमेकांवर बसत होते. दोन सह्यांची एकच सही झाली होती.

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे यानं हात लावलाच नाही ह्याला.”

३/
मित्रहो, या धाग्यात नेहमी आपण बखरी, ताम्रपट, शिक्के आणि दुर्ग यांविषयी बोलतो. आज विषय आजच्या बाजारातला आहे. परंतु जे कागद वाचण्यात आपण आयुष्य घालवू पाहतो, त्या कागदांचा प्राणच येथे पणाला लागला आहे. हा कागद कोणाच्या हातचा, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा नाही तर कोणी?

४/
आधी यंत्र समजून घेऊ. त्याला ‘ऑटोपेन’ म्हणतात. मूळ व्यक्ती एकदा सही करते. त्या सहीवरून साचा घडवतात. यंत्राचा दांडा त्या साच्याच्या कडेने फिरतो आणि दुसऱ्या टोकाला अडकवलेली लेखणी कागदावर तेच वळण काढते. जुन्या यंत्रांत साचा धातूचा वा प्लास्टिकचा असे, आता तो संगणकातील फाइलच्या रूपात असतो. यातील खोच अशी की लेखणी खरी असते आणि शाईही खरी असते. भिंग लावून पाहिले तर छापील चित्रातले ठिपके दिसत नाहीत. शाई कागदात मुरलेली दिसते आणि माणूस फसतो.

५/
ओळखावे कसे? माणसाची कोणतीही दोन हस्ताक्षरे तंतोतंत जुळत नाहीत. घाई, थकवा, टेबलाची उंची, मनःस्थिती, साऱ्यांचा थोडा थोडा अंश अक्षरात उतरतो. म्हणून दोन सह्या हुबेहूब एक निघाल्या, तर निदान एक तरी त्या हाताची नव्हे. यंत्राच्या रेषेत दाब सर्वत्र सारखा असतो. जुन्या यंत्रांच्या सहीत लेखणी टेकते तेथे आणि उचलते तेथे शाईचा बोथट ठिपका राहतो. हाताची रेघ मात्र सुरू होताना आणि संपताना निमुळती होते. नवी यंत्रे एकाच व्यक्तीचे अनेक साचे आलटून-पालटून वापरतात, त्यामुळे दोनच नमुने ताडून भागत नाही, वीस-पंचवीस लागतात. मोडी कागदांवर कारकुनाचा हात ओळखायला शिकलेल्या आपल्या मंडळींना हे काम जड जाऊ नये.

६/
आता या व्यवहाराचे सर्वांत गाजलेले प्रकरण. बॉब डिलन: १९६० च्या दशकापासून गाणारा, २०१६ चे साहित्याचे नोबेल मिळालेला गायक-कवी. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचे आधुनिक गीतांवरील पुस्तक सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने काढले. त्याच्या ९०० प्रती ‘हस्ते स्वाक्षरी केलेल्या’ म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या. सोबत प्रकाशकाचे प्रमाणपत्रवजा पत्रही होते. प्रती घरी पोहोचल्या आणि चाहत्यांनी आपापल्या सह्यांची छायाचित्रे एकमेकांना दाखवली. नाचणगावच्या खिडकीत दोन पोरांनी केले, तेच तेथे शेकडोंनी केले. सह्या साच्यातून निघाल्याचे उघड झाले.

७/
प्रकाशकाने पैसे परत केले. काही दिवसांनी डिलनने स्वतः निवेदन काढले. २०१९ पासून त्याला भोवळीचा विकार जडला होता, पुढे महासाथ आली आणि कराराच्या मुदती डोक्यावर होत्या, म्हणून यंत्र वापरले. ही निर्णयातील चूक होती, असा त्याचा आशय. त्यातच हेही कळले की पुस्तकांबरोबर २०१९ नंतरच्या त्याच्या काही चित्रप्रतींवरही यंत्रानेच सही केली होती. चित्रप्रती विकणाऱ्या दालनालाही मग ग्राहकांपुढे यावे लागले.

एक्क्याऐंशी वर्षांच्या आजारी माणसाविषयी मला सहानुभूती आहे. परंतु ९०० वेळा ‘स्वहस्ते’ हा शब्द छापणाऱ्यांना भोवळ आली नव्हती.

८/
येथे काही जण हमखास एक युक्तिवाद पुढे करतात. ‘यंत्राची सही चालते की! खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष वापरतात.’ खरे आहे. केनेडींच्या यंत्रसह्या इतक्या पसरल्या होत्या की चार्ल्स हॅमिल्टन या हस्ताक्षरतज्ज्ञाने १९६५ मध्ये केवळ त्यांच्यावर एक पुस्तक लिहिले. २००५ मध्ये तेथील न्याय खात्याने असा अभिप्राय दिला की अध्यक्षांनी आज्ञा केली असेल, तर विधेयकावर यंत्राने सही उमटवणे वैध आहे. २०११ मध्ये ओबामा फ्रान्समध्ये असताना वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यावर अशीच सही झाली.

मग चाहत्यांनीच काय घोडे मारले? त्यांनाही यंत्राची सही का चालू नये?

९/
या प्रश्नाचे उत्तर मराठीत शब्दांच्या रूपाने आधीच आहे. आपण फक्त ऐकत नाही. ‘सही’ हा शब्द अरबी ‘सहीह’वरून आला. त्याचा अर्थ बरोबर, खरे, मान्य. म्हणजे सही ही मान्यतेची खूण आहे. ‘दस्तखत’ म्हणजे हाताचे लेखन. ‘हस्ताक्षर’ म्हणजे हाताचे अक्षर. ‘स्वाक्षरी’त तर ‘स्व’ उघडच बसलेला आहे. आणि ‘दस्तुरखुद्द’? दस्त म्हणजे हात, खुद्द म्हणजे स्वतः. मुळात स्वतःच्या हातचे ते दस्तुरखुद्द. पुढे आपण ‘दस्तुरखुद्द महाराज आले’ असे म्हणू लागलो. अक्षर आणि माणूस यांची आपल्या भाषेने एकच गाठ मारली.

१०/
मान्यता दुसऱ्याकरवी कळवता येते. उपस्थिती कळवता येत नाही.

११/
हा भेद मराठेशाहीच्या दफ्तरखान्याइतका नीट फार थोड्यांनी सांभाळला. शिवकालीन पत्रे पाहा. मजकूर बाळाजी आवजींसारख्या चिटणिसांचा वा कारकुनाचा. अधिकार मुद्रेचा. आणि मजकूर संपतो तेथे ‘मोर्तब’, म्हणजे ‘लेखनाची मर्यादा येथे संपली’ असे सांगणारा छोटा शिक्का. त्याखाली कोणी चार ओळी घुसडू नयेत म्हणून. लांब कागद जोडून केलेला असला तर सांध्यावर मागून शिक्का, मधला तुकडा कोणी बदलू नये म्हणून. शिक्का हे यंत्रच आहे. धातूचा साचा, शाई, दाब, आणि प्रत्येक ठसा पहिल्यासारखाच. परंतु ‘हे महाराजांचे हस्ताक्षर’ असे म्हणून मुद्रा कोणी कोणाच्या गळ्यात मारली नाही. मुद्रेने मुद्राच असल्याचे सांगितले. तिचा अभिमान तिच्या एकसारखेपणात होता.

१२/
आणि स्वहस्ताची गरज भासली तेथे हात आला. संभाजी महाराजांनी १६८० मध्ये नामदेवभट्ट बाकरे यांना दिलेले संस्कृत दानपत्र आपल्यापैकी अनेकांनी छायाचित्रात पाहिले असेल. दानपत्राचा लांबलचक मजकूर लेखकाने घोटून लिहिलेला आहे. आणि त्यावर वेगळ्या वळणात, वेगळ्या हाताने, शिवरायांच्या पुत्राला येथे लिहिलेले मान्य आहे अशा अर्थाचे शब्द आहेत. ते शंभूराजांचे हस्ताक्षर म्हणून आपण डोळे भरून पाहतो. का पाहतो? माहिती तर दानपत्राच्या मुख्य मजकुरातच आहे. त्या एका ओळीत नवी माहिती नाही. तेथे तो तरुण राजा आहे. कागदावर त्याचा हात काही क्षण टेकला होता.

उद्या कोणी सिद्ध केले की ती ओळ साच्याने उमटवलेली आहे, तर दानपत्राची वैधता तसूभरही कमी होणार नाही. आपले मात्र सर्वस्व जाईल. हा फरक ज्याला कळला त्याला माझ्या भाच्याचे दुःख कळले.

१३/
अमेरिकेतलाच एक दाखला याच फरकाचा. इराक युद्धात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांना संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांची सांत्वनपत्रे जात. ती पत्रे यंत्राने सही केलेली होती, हे डिसेंबर २००४ मध्ये बाहेर आले. लोक संतापले आणि यापुढे प्रत्येक पत्रावर आपण स्वतः सही करू, असे मंत्र्यांना जाहीर करावे लागले. तेच सरकार, तेच यंत्र. कायद्यावर सही यंत्राने झाली तेव्हा प्रश्न आला तो कायदेपंडितांपुढे. सांत्वनपत्रावर झाली तेव्हा मृताच्या आईचे काळीज फाटले. कायद्याला मान्यता हवी असते. आईला कोणीतरी आपल्यासाठी दोन क्षण थांबले होते एवढे हवे असते. चाहत्यालाही तेच हवे असते. फरक इतकाच की त्याच्याकडून त्या दोन क्षणांचे पैसे घेतलेले असतात.

१४/
आपल्या वर्धा जिल्ह्यात स्वाक्षरीचा बाजार एका फार मोठ्या माणसाने मांडला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

१५/
महात्मा गांधींची हरिजन यात्रा ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्यातूनच सुरू झाली. सुमारे १२,५०० मैलांचा प्रवास आणि ८ लाख रुपयांच्या आसपास निधी, असा त्या यात्रेचा हिशेब सांगतात. निधीसाठी गांधीजींनी भेटवस्तूंचे लिलाव केले, स्त्रियांकडून दागिने मागून घेतले आणि स्वतःची स्वाक्षरीही विकली. दर ५ रुपये. १९३६ मध्ये ते शेगावी राहायला आले, पुढे तेच गाव सेवाग्राम झाले. तेथेही स्वाक्षरी मागायला येणाऱ्याकडून हरिजन निधीसाठी ५ रुपये घेण्याचा त्यांचा परिपाठ प्रसिद्ध होता.

त्या काळी ५ रुपये ही रक्कम किरकोळ नव्हती. पण देणाऱ्याला व्यवहार स्वच्छ दिसत होता: पैसे कुठे जाणार ते ठाऊक, सही कोणाची ते समोर. बनिया होते ते, माल दाखवून दाम घेत.

१६/
याच गांधीजींविषयी आणखी एक गोष्ट. १९०९ साली इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना ‘किल्डोनन कॅसल’ या बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिले. हस्तलिखिताची पाने २७५ आणि त्यांपैकी सुमारे ४० पाने डाव्या हाताची. उजवा हात दुखून आला तेव्हा त्यांनी लेखणी दुसऱ्या हातात घेतली. डाव्या हाताचे अक्षर वेगळे दिसते, दिसो. ‘हात थकला म्हणून यंत्र आणले’, असे सांगणाऱ्यांपुढे ती ४० पाने ठेवावीत असे मला फार वाटते.

आणि दोन्ही हात थकले तर? तर थांबावे. बीटल्सचा रिंगो स्टार २००८ मध्ये थांबला. २० ऑक्टोबरनंतर आलेल्या कोणत्याही वस्तूवर सही करणार नाही, असे त्याने जाहीर करून टाकले. लोक रागावले, त्याची चेष्टाही झाली. मला तो माणूस प्रामाणिक वाटतो. याच बीटल्सच्या भरभराटीच्या वर्षांत त्यांचे सोबती नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल एव्हान्स चौघांच्या नावाने सह्या ठोकीत असत. आज त्या सह्या वेगळ्या काढण्यावर संग्राहकांची पोटे चालतात. कदाचित त्या पापाची ही परतफेड असेल.

१७/
आता यंत्राची खरी कुळी. जॉन आयझॅक हॉकिन्स याने १८०३ च्या सुमारास ‘पॉलिग्राफ’ नावाचे लेखनयंत्र काढले. दोन लेखण्या एकमेकींना जोडलेल्या. माणूस एकीने लिहितो, दुसरी शेजारच्या कागदावर तेच लिहिते. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन १८०४ पासून ते वापरू लागले आणि त्यावर लुब्ध झाले. आपली हजारो पत्रे त्यांनी त्याच्या साहाय्याने लिहिली आणि प्रती स्वतःजवळ ठेवल्या. यंत्रविक्रेते या गोष्टीचा फार हवाला देतात. पण जेफरसन त्या खुर्चीत बसलेले होते! लेखणी चालली ती त्यांच्या हातामागोमाग. ऑटोपेनच्या खोलीत मूळ माणूस नसतो. तो कुठल्याही खंडावर असू शकतो, झोपलेला असू शकतो. (साचा शिल्लक असेल तर मेलेलाही असू शकतो. बाजाराला ही कल्पना सुचली नसेल असे समजण्याइतका मी भोळा नाही.)

१८/
प्रत्येक यंत्रसही खोटी, असे मी म्हणत नाही. आपल्या खिशातली नोट काढा. त्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आहे, छापलेली. रायगड जिल्ह्यातले आपले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये या पदावर बसलेले पहिले भारतीय. त्यांच्या सहीच्या नोटा संग्राहक आजही हौसेने जमवतात. कोणी म्हणते का की चिंतामणरावांनी ती नोट हातात धरून सही केली? नाही. आणखी जवळचे उदाहरण हवे तर शेतकऱ्याच्या घरातला सातबारा घ्या. १५ रुपये भरून ऑनलाइन काढला की त्यावर स्पष्ट छापलेले असते की हा अभिलेख डिजिटल स्वाक्षरीचा आहे, वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही. पंधरा रुपयांच्या कागदाला जे सांगण्याची लाज वाटत नाही, ते साडेचार हजारांच्या कार्डाला सांगता येत नाही?

१९/
म्हणजे गुन्हा यंत्राचा नाही. गुन्हा ‘स्वहस्ते’ या शब्दाचा आहे.

२०/
इतिहासात या गुन्ह्याला नाव आहे: तोतयेगिरी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु अनेकांच्या मनाने ते मानले नाही. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. या न मानण्याच्या फटीतून एक माणूस आत शिरला आणि ‘मीच भाऊ’ म्हणू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीत सुटला, फौज जमवली, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले. जाणती माणसे त्याला जाऊन मिळाली. अखेर पकडला गेला, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहदंड झाला.

२१/
त्या कनोजी ब्राह्मणाच्या चेहऱ्यात भाऊंचे थोडेफार साम्य असेल. साम्य असणे हा अपराध नव्हता. ‘मी भाऊंसारखा दिसतो’ एवढेच तो म्हणाला असता तर त्याला कोणी हात लावला नसता. अपराध ‘मीच तो’ या दाव्यात होता. आणि त्या दाव्याचे भांडवल काय होते? लोकांचे प्रेम. ज्यांचे भाऊंवर प्रेम नव्हते ते फसलेच नाहीत.

यंत्रसहीच्या व्यापाराचे भांडवलही तेच. जो गायकावर जीव टाकतो तोच कार्ड मागवतो. म्हणून फसतो तोही तोच. आणि फसल्यावर जग त्यालाच हसते: कशाला वेड्यासारखे पैसे घालवलेस? पानिपतानंतर आशा धरून बसलेल्यांनाही लोक असेच हसले असतील. मला त्या हसणाऱ्यांचा तिटकारा आहे.

२२/
‘सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र दिले आहे’ असे विक्रेते सांगतात. एका कागदाची साक्ष दुसरा कागद देतो, आणि दुसऱ्याची कोण देणार? आपल्याकडचे जुने महजर आठवा. महजर म्हणजे पंचांसमक्ष झालेला निवाडा. त्यावर जमलेल्या प्रत्येकाची साक्ष असे, आणि ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी करी. पाटलाची निशाणी नांगर. ती माणसे तेथे बसलेली होती, वाद उद्भवला तर गावात सापडत होती. प्रमाणपत्रावरचा साक्षीदार कोणत्या गावी सापडतो? डिलनच्या पुस्तकासोबतही पत्र होतेच.

२३/
निशाणीवरून अंगठ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण तिची सुरुवात आपल्याच देशात झाली. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करार लिहून घेतला आणि त्या कागदावर कोनाईच्या पंजाचा शाईने ठसा घेतला. हेतू एवढाच होता की ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणायला त्याला जागा राहू नये. पुढे यातून बोटांच्या ठशांचे शास्त्र वाढले आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय निघाले. त्याच वर्षीच्या सामान्य वाक्खंड अधिनियमाने, ज्याला नाव लिहिता येत नाही त्याची खूण ही सहीच, असे लिहून ठेवले.

परक्या सरकारला रयतेचा विश्वास नव्हता म्हणून अंगठा आला, हे विसरू नये. तरी त्या अंगठ्यात एक गोष्ट होती: त्यासाठी माणूसच लागत होता.

२४/
माझ्या आजीचा अंगठा आमच्या घरातल्या एका खरेदीखतावर आहे. शेजारी कारकुनाने लिहिले आहे, ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’. शाई जास्त झाल्यामुळे ठसा थोडा फिसकटलेला आहे. आजीला एकही अक्षर येत नव्हते. भाच्याने ते खत आणि आपले कार्ड शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाला, “मामा, आजीची सही खरी, अन् ह्याची खोटी?” अंगठ्याला ‘सही’ म्हणण्याची माझी स्वतःची तयारी होण्यापूर्वी तो ते म्हणून मोकळा झाला.

२५/
आमच्यातल्याच काही मंडळींविषयीही बोलणे भाग आहे. जुन्या पुस्तकातले वा स्मरणिकेतले छापील स्वाक्षरीचे पान कापून, चौकटीत बसवून, ‘दुर्मीळ स्वाक्षरी’ म्हणून विकणारे इतिहासप्रेमी मी पाहिले आहेत. ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’, हे त्यांचे ठरलेले उत्तर. परदेशी गायकाला नावे ठेवताना हे उत्तर आपल्या जिभेवर येत नाही ना, ते पाहावे. ज्याने एका छापील सहीला अस्सल म्हणून विकले, त्याने उद्या सापडलेल्या मोडी कागदाविषयी दिलेला अभिप्राय मी वाचणार नाही. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला यावर आपण रात्र रात्र वाद घालतो. ती आख्यायिका असेल; पण एका अक्षराने नारायणराव पेशव्यांचा जीव गेला असे या समाजाला खरे वाटू शकले, याचा अर्थ अक्षर कोणाच्या हातचे याची किंमत त्याला ठाऊक होती.

२६/
उपाय अवघड नाही. विक्रेत्याने ‘यंत्रस्वाक्षरी’ असे कार्डावर छापावे आणि छपाईच्या भावाने विकावे. ज्याला शोभेसाठी हवे तो घेईल. शंभरच सह्या करवत असतील तर शंभरच विकाव्यात. दहा हजार विकल्या, तर दहा हजार वेळा बसावे. आणि जो ‘स्वहस्ते’ लिहून साच्याची सही विकतो, त्याच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आहेच: दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आपले तरुण तक्रार करीत नाहीत, कारण त्यांना लाज वाटते. ‘सहीसाठी एवढे पैसे?’ असे समोरचा विचारील म्हणून. विचारू दे. त्याला संभाजी महाराजांचे दानपत्र दाखवा.

२७/
भाच्याने विक्रेत्याला दोन्ही कार्डांची छायाचित्रे पाठवली. उत्तरात पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. ते उत्तरही यंत्राचेच असावे. त्यात त्याचे नावसुद्धा चुकलेले होते. त्याने १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, अद्याप निकाल नाही. कार्डाच्या मागच्या बाजूला त्याने निळ्या बॉलपेनने लिहून ठेवले आहे: ‘समोरची सही यंत्राची आहे’. खाली तारीख, ‘मु. नाचणगाव’ आणि स्वतःची सही. पन्नास वर्षांनी हे कार्ड कोणाच्या हाती लागले तर त्याला निदान एक बाजू अस्सल मिळेल.

२८/
ज्यांच्याकडे अशी ‘स्वाक्षरीची’ कार्डे, सीडी वा पुस्तके असतील, त्यांनी सहीचे सरळ वरून काढलेले छायाचित्र खाली टाकावे. सोबत खरेदीचे वर्ष आणि जाहिरातीतले नेमके शब्द द्यावेत. स्वतःचा पत्ता वा पावतीवरचा क्रमांक झाकावा. एका कलाकाराचे वीस नमुने जमले की आपण ते एकावर एक ठेवून पाहू.